गोठ्यातला वास आणि अबईची शेंग

रात्रभर बंद राहिलेल्या गोठ्याचं दार सकाळी उघडलं की झणझणीत वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात. हा अमोनिया. ताज्या गोमूत्राला मात्र हा वास जवळजवळ नसतो. त्यात असतो युरिया, आणि युरिया भलताच थंड गडी. नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवला तर त्यातला निम्मा मोडून अमोनिया व्हायला काही दशकं लागतात. गोठ्यात ते काम रातोरात उरकतं, कारण शेणामातीतल्या जिवाणूंकडे युरिएज असतं. युरिएज हे एक विकर, म्हणजे एन्झाइम: रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवून आणणारा पदार्थ. (विकर म्हटलं की मला उगाच विकार आठवतो, पण शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आहे.)

विकर ही नेमकी काय चीज आहे, यावर शंभर वर्षांपूर्वी जोरदार वाद होता. प्रथिनं नुसती हमाल, खरी करामत त्यांच्या पाठीवरच्या कुठल्याशा चिमूटभर पदार्थाची, असं रिचर्ड विलस्टेटर म्हणत. ते नोबेल मिळवलेले जर्मन रसायनज्ञ, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होतं. इकडे अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, जेम्स समनर १९१७ पासून जॅक बीनच्या दाण्यांचं पीठ घेऊन बसले होते. ही शेंग आपल्या अबईची सख्खी नातलग, आणि तिच्या दाण्यांत युरिएज भरपूर. समनर मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावाच हात कोपराखाली गमावलेला. एका हातानं रसायनशास्त्र जमायचं नाही, असं त्यांना सांगूनही झालं होतं. १९२६ साली त्यांनी ते पीठ पाणी घातलेल्या ॲसिटोनमध्ये कालवलं, गाळलं आणि निथळलेलं पाणी रात्रभर थंडीत ठेवलं. सकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर इवलेइवले स्फटिक! ते युरिया झपाट्यानं मोडत होते, आणि होते निखळ प्रथिन. तरी बरीच वर्षं कुणी मानेना. नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये.

जॅक बीनच्या युरिएजची एक साखळी म्हणजे ८४० मण्यांची माळ; प्रथिनाचे हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. सरळ ताणली तर ती काही कामाची नाही. ती ठरावीक तऱ्हेनं दुमडते, माळेत लांब असलेले मणी शेजारी येतात आणि एक खळगा तयार होतो. खळग्याच्या तळाशी निकेलचे दोन अणू. (हे निकेल सापडलं १९७५ मध्ये, समनर तेव्हा हयात नव्हते.) युरियाचा रेणू त्यांच्यावर अडकतो, तिथंच धरून ठेवलेलं पाणी त्याच्यावर चाल करतं, रेणू तुटतो, अमोनिया सुटतो, त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि खळगा पुढच्या गिऱ्हाइकासाठी मोकळा. सेकंदाला असे हजारो. उकळलं की मणी सगळे शाबूत राहतात, घडी तेवढी विस्कटते, आणि काम ठप्प.

आपल्या पेशी युरिएज बनवत नाहीत. पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी, अल्सर करणारा जिवाणू, बनवतो. जठरातल्या आम्लात अमोनियाचं कवच पांघरून तो टिकतो. म्हणून डॉक्टर रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात आणि थोड्या वेळानं पिशवीत फुंकायला सांगतात. फुंकरीतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो खुणेचा कार्बन निघाला, तर जिवाणू आत आहे.