हत्यार केंद्राचं, टोळी राज्याची : बेकायदा शस्त्रांविरुद्धच्या राज्य कायद्यांची पार्श्वभूमी

गावठी कट्टा पकडल्याच्या बातमीत शेवटी ठरलेली कलमं असतात : शस्त्र अधिनियमाची ३ आणि २५, आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(१) सह १३५. पहिली केंद्राची, दुसरी राज्याची. राज्याच्या कलमात हत्यारबंदीचा आदेश मोडल्याबद्दल जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे. कट्टा कुठून आला, कोणी विकला, याच्याशी त्या कलमाचा संबंध नाही. याहून पुढे थेट शस्त्रांवर कायदा करायला राज्याला फारसा वावही नाही, कारण शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय घटनेने संघसूचीत, म्हणजे फक्त केंद्राने कायदे करायच्या विषयांच्या यादीत, ठेवला आहे. १८७८चा ब्रिटिश कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९५९चा कायदा, दोन्ही केंद्राचेच.

त्यामुळे राज्याने हत्यार सोडून माणूस धरला. तडीपारी होतीच. १९८१च्या एमपीडीए या राज्याच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात पुढे ‘धोकादायक व्यक्ती’ आली आणि शस्त्र अधिनियमाखालचे गुन्हे सराईतपणे करणाऱ्यालाही वर्षभर स्थानबद्ध करता येऊ लागलं. हे झालं गल्लीतल्या दादापुरतं. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यांवर एके-५६, हातबॉम्ब आणि आरडीएक्स उतरलं, तेव्हा कामी आला तो केंद्राचा दहशतवादविरोधी कायदा, ‘टाडा’. अधिसूचित भागात बंदी असलेलं शस्त्र विनापरवाना सापडलं, एवढ्यावर तो लागत असे. आपल्या हत्याराचा दहशतवादाशी संबंध नाही हे दाखवायची मुभा आरोपीला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी कायद्याची मुदत संपली आणि तो गैरवापराच्या तक्रारींसह इतिहासजमा झाला.

त्या पोकळीत १९९९च्या फेब्रुवारीत मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आला. या कायद्याच्या व्याख्येत शस्त्रतस्करी हा शब्दच नाही. तिथे ‘संघटित गुन्हा’ आहे आणि ‘सतत चालणारं बेकायदा कृत्य’ आहे. म्हणजे असं की तीन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा, टोळीतर्फे केलेला, आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रांची न्यायालयाने घेतलेली दखल. पिस्तुलांचा व्यापार या चौकटीत बसतो, पण आडवाटेने. जामीन जवळपास अशक्य आणि अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य, त्यामुळे तपास यंत्रणेला ही आडवाट राजरस्त्यापेक्षा सोयीची वाटली तर नवल नाही.

खरा वाद झाला तो अधिकाराचा. मोक्काची कलमं १३ ते १६ फोन आणि इतर संभाषण चोरून ऐकण्याची तरतूद करतात. तार-टेलिफोन हाही संघसूचीतलाच विषय. उच्च न्यायालयाने २००३मध्ये ही कलमं राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरवून रद्द केली. शिवाय दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली जामिनावर असलेल्याला मोक्कात जामीन नाकारणारे शब्दही उडवले. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल अर्धा फिरवला. कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारीला आळा घालणं हा आहे, फोन ऐकणं त्याला धरून येतं, म्हणून कलमं वैध. जामिनाचे ते शब्द मात्र गेले ते गेलेच. वरवर हा फोनचा निकाल, पण राज्यांसाठी त्याचा अर्थ मोठा होता. विषय केंद्राचा असला तरी कायद्याचा गाभा राज्याच्या कक्षेत दाखवता आला, तर त्या विषयाला स्पर्श झाला म्हणून कायदा पडत नाही. २०१०मध्ये मोक्काच्या व्याख्येतल्या बंडखोरीसंबंधीच्या शब्दांवरही हाच युक्तिवाद टिकला. संघसूचीला अशी बगल देणं माझ्या मते घटनेच्या रचनेला फारसं मानवणारं नाही. निकाल मात्र आजही कायम आहे.

कागदावर टिकलेला कायदा खटल्यात टिकतोच असं नाही. २००६च्या मे महिन्यात चांदवड-मनमाड रस्त्यावर गाड्यांचा पाठलाग करून दहा एके-४७, सुमारे ३,२०० काडतुसं आणि तीस किलो आरडीएक्स पकडलं गेलं. खटला मोक्काच्या विशेष न्यायालयात चालला. २०१६मध्ये बारा जण दोषी ठरले, पण इतर कायद्यांखाली. मोक्काची कलमं न्यायालयाने लागू धरली नाहीत. राज्यात शस्त्रांच्या एवढ्या मोठ्या साठ्याच्या खटल्यात राज्याचाच कायदा बाजूला पडला, याची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नंतरच्या दोन निकालांनी मात्र हाच कायदा शस्त्रांच्या साखळीला जास्त लागू पडेल असा झाला. मोक्का २००२मध्ये दिल्लीला लागू झाला होता. तिथल्या प्रकरणात २०१७ साली ठरलं की आधीची आरोपपत्रं परराज्यातली असली तरी चालतील, फक्त संघटित गुन्हा जिथे कायदा लावायचा तिथे घडलेला हवा. कर्नाटकने २०००मध्ये केलेल्या तशाच कायद्याखाली २०२१मध्ये ठरलं की आधीची आरोपपत्रं टोळीवर असली की पुरे, प्रत्येक आरोपीवर असायची गरज नाही. पहिल्यांदाच माल पोचवणारा पोऱ्याही त्यामुळे जाळ्यात येऊ शकतो.

कट्ट्यांच्या बाबतीत परराज्याचा मुद्दा पुस्तकी नाही. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. कट्टा घडतो तिथे, पकडला जातो पुण्यात. विकणारा आणि नेणारा मोक्कात बसवता येतो. भट्टीवाल्याने राज्यात काय केलं, हे मात्र दाखवावं लागतं.

दरम्यान केंद्रानेही हात आखडता ठेवलेला नाही. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमातच ‘अवैध व्यापार’ आणि ‘संघटित गुन्हा’ या व्याख्या घातल्या आणि किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. गाजली मात्र परवानाधारकाची शस्त्रं तीनवरून दोनवर आणणारी तरतूद. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११मध्ये संघटित गुन्ह्यांच्या यादीत शस्त्रांचा व्यापार नावानिशी आला. त्या कलमाची भाषा बरीचशी मोक्कावरूनच उचललेली दिसते. मोक्का रद्द झालेला नाही, त्यामुळे त्याच टोळीला कुठला कायदा लावायचा हे आता तपास करणाऱ्याच्या पसंतीवर आलं आहे.