खोडदच्या तबकड्या परग्रहवासीयांचे निरोप पकडत नाहीत

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव आलं की गाडीत कुणीतरी हमखास सांगतं, "इथं खोडदला परग्रहावरचे सिग्नल पकडतात." खोडदला आहे ती अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी तबकड्यांची दुर्बीण, जीएमआरटी. पल्सार नावाच्या ताऱ्यांकडून मध्येच येणारे प्रखर, अनियमित स्पंद म्हणजे सांकेतिक निरोप, असं या समजाचं मूळ. तो समज चुकीचा आहे.

1967 साली जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनीही ही शंका तपासली होती. पण लवकरच आकाशात भलतीकडेच तसाच दुसरा स्रोत मिळाला आणि ती मागे पडली. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा रेडिओ झोत पृथ्वीवरून सरकला की स्पंद नोंदला जातो.

क्रॅब पल्सार सेकंदाला सुमारे 30 फेऱ्या मारतो. 1968 मध्ये तो सापडला तोच महास्पंदांमुळे; हे स्पंद त्याच्या नेहमीच्या स्पंदांहून शेकडो पट प्रखर असू शकतात. पुढचा कोणत्या फेरीत येईल हे सांगता येत नाही, एवढं मात्र खरं. पण येतो तो फेरीच्या ठरावीक टप्प्यावरच. म्हणजे उगम ताऱ्याच्या चुंबकीय परिसरात आहे. तिथे हे नेमकं कसं घडतं, यावर अजून एकमत नाही, आणि मला विचाराल तर खरी उत्सुकता इथेच वाटायला हवी.

स्पंद दूरच्या ताऱ्याकडूनच आल्याची आणखी एक खूण आहे. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदाच्या कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी उशिरा पोचतात. खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांच्या नोंदीत हा उशीर स्पष्ट दिसतो. गावातल्या विजेच्या तारेवरच्या ठिणगीत तो नसतो.