‘आवाज केला ५.५’ : गोव्यातल्या जुन्या टीव्ही संचांची पार्श्वभूमी

फोंड्याजवळच्या एका घराच्या माळ्यावरून गेल्या वर्षी मी एक रंगीत टीव्ही खाली उतरवला. मागचं झाकण काढलं तर आत कोळिष्टकं, एक वाळून गेलेली पाल, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला कुणा मेकॅनिकनं पेन्सिलीनं लिहिलेली ओळ : ‘आवाज केला ५.५’. संच इंग्लंडचा. घरातले काका बोटीवर होते, त्यांनी आणलेला. एवढीशी नोंद, पण तिचा अर्थ लावायचा तर गोव्यात टीव्ही कसा, कुठून आणि किती उशिरा पोचला ते बघावं लागतं.

आधी ‘ट्यूब’चा घोळ मिटवू. आपल्याकडे ट्यूबवाला टीव्ही म्हणजे पोट असलेल्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही. ही ट्यूब जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यानं १८९७ मध्ये बनवली, अर्थात टीव्हीसाठी नव्हे, विजेचे बदल डोळ्यांनी बघता यावेत म्हणून. परदेशातले संग्राहक ट्यूब म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर व्हॉल्व्हही असतात, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधी त्याचं काम करणाऱ्या काचेच्या छोट्या नळ्या. बीबीसीनं २ नोव्हेंबर १९३६ रोजी ४०५ रेषांचं प्रसारण सुरू केलं, त्या काळातले संच किंवा १९४६ चा अमेरिकन आरसीए ६३०-टीएस हे त्यांचं दैवत. त्या एका संचात तीसेक व्हॉल्व्ह असत. आपल्या माळ्यांवर तसलं काही सापडायचं नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

लिस्बनमध्ये नियमित टीव्ही प्रसारण १९५७ साली सुरू झालं. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होता, पण इथं आला तो फक्त रेडिओ. ‘एमिसोरा द गोवा’ पणजीहून बोलत होती, मुरगाव बंदरात युरोपचा माल उतरत होता, आणि खाणीच्या पैशानं जर्मन-डच बनावटीचे व्हॉल्व्हचे रेडिओ घराघरांत दिसू लागले होते. म्हणून आजही गोव्यात जुना रेडिओ शोधायला फार हिंडावं लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण दोन वर्षांचं झालं होतं. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला, पुण्याला सिंहगडावरून चित्र दिसू लागलं ते १९७३ मध्ये. गोवा मुंबईपासून हवाई अंतरानं चारेकशे किलोमीटर दूर. टीव्हीच्या व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून इतक्या लांब येत नाहीत. गिरगाव-दादरच्या चाळीत लोक दाटीवाटीनं टीव्ही बघत होते तेव्हा आमच्याकडे ओटीवर रेडिओच होता.

त्यामुळे गोव्यात व्हॉल्व्हचा टीव्ही दिसला तर मी पहिल्यांदा विचारतो, मुंबईत कोण होतं? उत्तर बहुधा मिळतं. निवृत्त होऊन गावी परतलेलं कुटुंब भांड्याकुंड्यांबरोबर संचही घेऊन आलेलं असतं. माझ्याकडे असा एक कृष्णधवल संच आहे, लाकडी पेटीचा, पुढे सरकतं शटर आणि शटरला किल्ली. आत अर्धे ट्रान्झिस्टर, अर्धे व्हॉल्व्ह. सत्तरच्या दशकातले आपले बरेच संच असे मिश्र होते. पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५ अशी नावं काचेवर अजून वाचता येतात. नावातल्या ‘पी’चा अर्थ फिलॅमेंटला ३०० मिलीअँपियर प्रवाह लागतो. सगळ्या व्हॉल्व्हची फिलॅमेंट एकामागोमाग एक जोडलेली, चतुर्थीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी : एक गेलं की सगळी माळ अंधारात. मग मीटर घेऊन एकेक व्हॉल्व्ह तपासत बसायचं. संच तापून चित्र यायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं आणि त्याआधी एक बारीक शिट्टी सुरू होते. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकी ६२५ रेषा, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. मला ती आता ऐकू येत नाही, वयामुळे. शाळेत जाणाऱ्या भाच्याला उभं करतो, तो कान टवकारून सांगतो, ‘मामा, वाजलं.’

गोव्याचं स्वतःचं टीव्हीयुग ऐंशीच्या दशकातलं. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनाला दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले, सरकारनं रंगीत संचांच्या आयातीला मुभा दिली, आणि १९८४ मध्ये काही महिने तर देशात रोज सरासरी एक ट्रान्समीटर उभा राहत होता. आम्हीही त्याच लाटेत आलो. पोस्टात पैसे भरून टीव्हीचं लायसन घ्यायची पद्धत तोवर संपतच आली होती. म्हणून गोव्यातल्या घरात लायसनचं पुस्तक सापडलं तर ते फेकू नका.

आता मूळ मुद्दा. इतर राज्यांत लोक दुकानातून टीव्ही आणत होते. गोव्यातही आणत होते, ओनिडा, क्राऊन, वेस्टन, डायनोरा सगळं आलं. पण त्याच्या जोडीला इथं दुसरी एक वाट होती : तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आणि आखातातले नोकरदार. कुवेत, दुबई, मस्कतहून आणलेले संच लावले की चालत, कारण तिथली पद्धत आपल्यासारखीच होती. अमेरिकेच्या बंदरातून घेतलेला संच ११० व्होल्टचा, ५२५ रेषांचा. ट्रान्सफॉर्मर लावून तो पेटे, पण चित्र गरगर फिरे आणि रंग येत नसत. इंग्लंडच्या संचाचं दुखणं वेगळं. तिथं चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ६ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ५.५. म्हणजे चित्र पकडलं तरी आवाजाऐवजी नुसती खरखर. शिवाय तो फक्त यूएचएफ, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी पकडणारा, आणि आपलं प्रसारण व्हीएचएफवर.

मडगाव, म्हापसा, वास्कोच्या मेकॅनिकांनी यावर उपाय काढले. माझ्या संचात त्यानं आवाजाच्या कॉइलला एक इवलासा कंडेन्सर समांतर जोडलाय. कपॅसिटी एक पंचमांशाच्या आसपास वाढली की ६ चं ५.५ होतं. पेटीला बाजूनं भोक पाडून देशी संचाचा खटखट फिरणारा ट्यूनर बसवलाय, नट-बोल्टनं, आत रबराचे तुकडे घालून. सोल्डरचा डाग इतका स्वच्छ की चाळीस वर्षांनीही चमकतो. हिशेब कागदावर केला की अंदाजानं, कोण जाणे, पण बरोबर केला.

परदेशी संग्राहकांचा दंडक असा की संच कारखान्यातून निघाला तसा करावा. मला हे गोव्यात पटत नाही. हा कंडेन्सर काढला तर संच पुन्हा इंग्लंडचा होईल आणि फोंड्याचा राहणार नाही. तारवट्यानं तो कापडात गुंडाळून आणला, मेकॅनिकनं त्याला आपली भाषा शिकवली, हाच त्याचा इतिहास आहे. भोकही बुजवायचं नाही.

बाकी दुरुस्तीत गोव्याचा खरा शत्रू हवा. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वर समुद्राचा खार. एलओटीच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबला उच्च दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ओल शिरते, आणि रंगीत संचात तिथं २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असल्यामुळे निळसर ठिणग्या उडतात. पावसाळ्यात जुना संच थेट प्लगला लावणं म्हणजे तो मारणंच. आधी ट्यूबवर साठलेला चार्ज काढून टाकायचा, मग ब्रशनं धूळ, मग दोनतीन दिवस पेटीत साधा बल्ब पेटता ठेवून सुकवणं, कपाटात बुरशी येऊ नये म्हणून ठेवतात तसा. त्यानंतर प्रवाह मर्यादित राहावा म्हणून मेनच्या वाटेत एक बल्ब जोडून (सिरीज बल्ब) हळूहळू चालू करायचा. जुन्या संचांच्या चासीत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, मेनची एक वायर थेट आलेली असते. हात लावण्याआधी हे माहीत हवं.

आता पकडायला प्रसारणही नाही. दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले. मी छोटा मॉड्युलेटर, म्हणजे घरातल्या घरात टीव्हीचा सिग्नल तयार करणारी डबी, लावतो आणि त्याचा आवाज ५.५ वर ठेवतो. फोंड्याच्या संचाचे फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले, ट्यूब अजून दमदार आहे, रंग येतात. ट्यूबच्या मानेवरची, चित्र आखणारी कॉइल (योक) सैल झाल्यानं चित्र थोडं डावीकडे कललंय. ते काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.