सावली कोणाच्या वावरातून गेली?

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका केळीच्या बागेजवळ आम्ही आठ इंची दुर्बीण लावून बसलो होतो. जानेवारीतली पहाट, साडेतीनचा सुमार. त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची होती, म्हणून मित्राचे वडीलही ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला वावरातच होते. लॅपटॉपचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो केळीच्या रिकाम्या खोक्यात ठेवला होता. दव धरू नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी गुंडाळली होती. स्टार्टरच्या पेटीवरचा लाल दिवा बाबांनी आम्ही न सांगताच गोणपाटाने झाकून टाकला.

पडद्यावर अकराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा होता. एक लघुग्रह त्याच्या समोरून जाणार होता आणि तारा काही सेकंदांसाठी मिटणार होता. ठरलेली वेळ आली आणि गेली. पुढची दोन मिनिटं आम्ही श्वास रोखून पाहिलं, पण तारा जागचा हलला नाही की मंदावला नाही.

बाबा जवळ आले. "काय रे भाऊ, तारा दपना का?" म्हणजे लपला का.

"नाही बाबा, इथून नाही."

थोडा वेळ ते आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग ती सावली कोना वावरमाईन गयी?"

तारा असा दुसऱ्या कशाआड झाकला जाणं, म्हणजेच तारकापिधान, समजावून सांगायला मला यापेक्षा नेमका प्रश्न सापडलेला नाही.

कंदिलासमोर हात धरला की भिंतीवरची सावली हातापेक्षा मोठी पडते, कारण कंदील जवळ असतो आणि त्याचे किरण पसरत जातात. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे लघुग्रह कोट्यवधी किलोमीटर लांब असला, तरी ताऱ्याच्या प्रकाशात पृथ्वीवर पडणारी त्याची सावली त्याच्याच मापाची असते. चोपडा ते चाळीसगाव हे उत्तर-दक्षिण अंतर साधारण ९० किलोमीटर भरतं. तेवढ्या रुंदीचा लघुग्रह असेल, तर त्याची सावली जवळपास अख्ख्या जळगाव जिल्ह्यावरून फिरेल, आणि बाहेरच्या माणसाला तारा नेहमीसारखाच दिसत राहील. ती सावली धावतेही भलत्या वेगाने, सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर तर सहज. भुसावळहून नंदुरबारला गाडीने जायला काही तास लागतात. सावली तेच अंतर दहा-बारा सेकंदांत ओलांडते.

लघुग्रह स्वतः बहुधा इतका अंधुक असतो की आमच्या दुर्बिणीतून दिसतही नाही. दिसतो तो तारा, आणि मोजायची ती त्याची गैरहजेरी. तारा केव्हा मिटला आणि केव्हा परत आला, या दोन वेळा नोंदल्या की काम झालं. समजा, सावलीचा वेग सेकंदाला १४ किलोमीटर आहे आणि तारा तीन सेकंद दिसेनासा झाला. म्हणजे आपल्या डोक्यावरून लघुग्रहाची जी रेघ गेली, ती ४२ किलोमीटर लांबीची होती. शाळेच्या भूमितीत वर्तुळातल्या अशा रेघेला आपण जीवा म्हणतो.

एका जीवेवरून आकार कळत नाही. दुसरा माणूस दहा-वीस किलोमीटर बाजूला उभा असेल, तर त्याला दुसरी जीवा मिळते, तिसऱ्याला तिसरी. या सगळ्या जीवा एकाखाली एक मांडल्या की त्यांच्या टोकांवरून लघुग्रहाची कड उमटते. तो बटाट्यासारखा आहे की भाकरीसारखा गोल, हे घरच्या गच्चीवरून ठरवता येतं. म्हणूनच हे काम एका मोठ्या वेधशाळेला जमत नाही. वेधशाळा एका जागी असते आणि सावली तिच्या दारावरून जाईलच असं नाही. इथे दुर्बीण गाडीत टाकून गावोगाव पांगणारी हौशी माणसं लागतात.

वेळ मात्र काटेकोर हवी. पूर्वी स्टॉपवॉच आणि रेडिओच्या ठोक्यांवर हे चालायचं. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत पाव-अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात सावली साडेतीन ते सात किलोमीटर पुढे सरकलेली असते. आता सेकंदाला २५ चित्रं टिपणारा साधा व्हिडिओ कॅमेरासुद्धा ०.०४ सेकंदापर्यंत नेतो, म्हणजे चूक सुमारे ५०० ते ६०० मीटरची. प्रत्येक चित्रावर जीपीएसची वेळ उमटवावी लागते. मोबाईलच्या घड्याळावर विसंबू नये, ते सेकंदभर इकडेतिकडे असू शकतं. हे मी नव्या मुलांना दर वेळी बजावतो, कारण वेळ चुकली तर सुंदर चित्रफीतही वाया जाते.

सावली कुठून जाणार, हे आधी सांगणं एकेकाळी फार अवघड होतं. ताऱ्याची जागा किंचित चुकली की पट्टा शेकडो किलोमीटर सरकायचा. १९ डिसेंबर २०१३ रोजी सोडलेल्या युरोपच्या गाया या अवकाशयानाने ताऱ्यांच्या जागा इतक्या अचूक मोजल्या की २०१८ पासून भाकितांचं रूपच पालटलं. तरीही लघुग्रहाच्या कक्षेत थोडी अनिश्चितता उरते, आणि पट्ट्याच्या कडेला बसलेल्याला रिकाम्या हाताने उठावं लागतं.

या साध्या पद्धतीने मिळालेल्या गोष्टी मात्र थक्क करणाऱ्या आहेत. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांना तारा ग्रहाआड जाण्याआधीच मंदावलेला दिसला. त्याच रात्री विमानातल्या दुर्बिणीतून अमेरिकी शास्त्रज्ञांनीही ताऱ्याचं असंच पुन्हा पुन्हा मंदावणं टिपलं आणि युरेनसभोवतीची कडी उघडकीला आली. ३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतून चारिक्लो या जेमतेम २५० किलोमीटरच्या पिंडाभोवतीही कडी सापडली. जुलै २०१७ मध्ये अर्जेंटिनात ओळीने मांडलेल्या दुर्बिणींनी अ‍ॅरोकॉथची सावली पकडली. सुमारे ६५० कोटी किलोमीटर दूरचा तो पिंड दोन गोळे चिकटल्यासारखा असावा, असं त्या जीवांवरून दिसलं. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान तिथे पोचलं तेव्हा खरोखर तसाच आकार समोर आला.

मग आमच्या चोपड्याच्या रात्रीचं काय? तिला आम्ही निरंक नोंद म्हणतो, आणि ती पाठवणं मी कधीच चुकवत नाही. लघुग्रहाची कड आमच्यापर्यंत पोचली नाही, एवढं त्या नोंदीने पक्कं होतं. अमळनेरच्या गच्चीवर तारा मिटला असेल आणि इथे नसेल, तर कड या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी आहे. केवळ मिळालेल्या जीवांवरून लघुग्रह हवा तेवढा लांबुळका काढता येतो. निरंक नोंद त्याला आवर घालते.

जीवा हा शब्द लिहिताना मला नेहमी पाटण आठवतं. चाळीसगावजवळच्या या गावात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलं आहे. सिद्धांतशिरोमणीतला ज्योत्पत्ती हा भाग या जीवांच्याच गणिताचा. आठशे वर्षांपूर्वी पाटणला मुलं बसून जे गिरवत होती, तेच आम्ही अमळनेर, भडगाव आणि चोपड्याच्या आकड्यांवर करतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

दुपारी फोन आले. अमळनेरला तारा क्षणभरच मिटला होता, भडगावला चांगला लांब. बाजेवर आलेखाचा कागद पसरून आम्ही रेघा काढल्या. अमळनेरची आखूड, भडगावची लांब, आणि वर चोपड्याची तुटक. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. नकाशावर त्यांनी अमळनेर आणि भडगावच्या मधोमध बोट टेकवलं. तिथे पारोळा होतं, आणि पारोळ्याला त्यांच्या बहिणीचं शेत आहे.

"म्हणजे ताईच्या वावरातून गेली," ते म्हणाले, आणि लगेच तिला फोन लावला.