ओला तंबू पिशवीत कोंबू नका : ग्रेट ओशन रोडला एकट्याने निघणाऱ्यांसाठी

आमच्याकडून तंबू भाड्याने घेऊन एकट्याने कॅम्पिंगला जाणारे ग्राहक आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. निघताना, "एकट्याला तंबू उभा करायला जमेल ना?" आणि परत आल्यावर, "तंबू तर कुठे फाटला नाही, मग अनामतीतून पैसे का कापले?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आमचा एकट्याचा तंबू दोन काठ्यांचा आहे. निघण्यापूर्वी घरी हॉलमध्ये एकदा उभा करून बघा, म्हणजे तिथे अडणार नाही. हे पत्रक दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

ग्रेट ओशन रोड हा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला समुद्रकाठचा रस्ता. टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंतचा हा २४३ किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला. मेलबर्नहून निघालात की समुद्र डाव्या हाताला, तुमच्याच लेनच्या बाजूला राहतो, त्यामुळे वाटेत थांबताना समोरची वाहतूक ओलांडायची फारशी वेळ येत नाही. एकट्या चालकाला हीच दिशा सोयीची. अपोलो बे सोडलं की रस्ता किनाऱ्यापासून आत वळून ऑटवेच्या जंगलात शिरतो. व्हिक्टोरियातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी हा एक. आणि आमचे बहुतेक ग्राहक तंबू टाकतात तेही याच पट्ट्यात : ब्लँकेट बे, एअर रिव्हर, जोहाना बीच. म्हणजे वरून पाऊस नाहीतर दव, खालून वाळू आणि समुद्राकडून खारा वारा.

आता ज्या चुकीमुळे पैसे कापले जातात ती. ट्वेल्व्ह अपोस्टल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके, तिथला सूर्योदय गाठायचा म्हणून माणूस अंधारात उठतो. तंबू दवाने चिंब असतो. एकटाच असल्यामुळे दुसरं टोक धरायला कोणी नसतं, बोटं गारठलेली असतात. मग तंबू तसाच गुंडाळून पिशवीत कोंबला जातो आणि पिशवी डिकीत. पुढचे दोन दिवस गाडी उन्हात फिरते आणि पिशवी आमच्याकडे येते तेव्हा बाहेरून अगदी कोरडी असते.

ती उघडली की आधी कुबट वास येतो. मग शिवणीजवळ मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात. ती बुरशी. वास धुऊन जातो, ठिपके जात नाहीत. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ थर असतो. ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की तो हळूहळू चिकट होतो आणि पापुद्रे निघायला लागतात. असा तंबू पुढच्या ग्राहकाच्या अंगावर गळतो. चेनचंही तसंच. दात्यांमध्ये वाळू आणि रनरवर, म्हणजे चेनच्या सरकत्या भागावर, मीठ बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं, म्हणून वरून सुकलेला तंबूही आत दमट राहतो आणि रनरवर पांढरी पूड धरते. मग कोणीतरी जोर लावून ओढतं आणि दाते सुटतात.

म्हणून तंबू परत घेताना आम्ही तो तुमच्यासमोरच पूर्ण उलगडतो. थोडा वेळ जातो, कधी कधी मागे रांगही लागते, पण पिशवीला नुसता हात लावून "ठीक आहे" म्हणणं आम्हाला पटत नाही. ओला तंबू आला तर तो कोमट गोड्या पाण्याने धुवून, सावलीत टांगून, प्रत्येक चेन ब्रशने साफ करावी लागते. तोवर तो दुसऱ्या कोणाला देता येत नाही. कापलेले पैसे या कामाचे असतात, तो दंड नव्हे. नुसता मळका किंवा वाळू लागलेला तंबू आला तर आम्ही काहीही कापत नाही.

हे टाळणं एकट्यालाही सहज जमतं. उठल्याबरोबर आधी बाहेरचं कव्हर वेगळं काढा, झटका आणि किटमधल्या निळ्या फडक्याने पुसा. आतला तंबू खुंट्या काढून तसाच उचला, दार खाली करून हलवा, वाळू आपोआप पडते. खालची ताडपत्री उलटी करून सुकू द्या, सगळ्यात जास्त ओल तिच्या खालच्या बाजूला असते. तरीही निघायची घाई असेल, तर कव्हर किटमधल्या मोठ्या लाल पिशवीत सैल भरा, तंबूच्या मूळ पिशवीत नको. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा गाडी वाऱ्याच्या आडोशाला लावा, कव्हरची दोन टोकं पुढच्या आणि मागच्या दारात अडकवून दारं बंद करा. तुमचा डबा संपेपर्यंत ते सुकतं. झुडपांवर मात्र वाळत घालू नका. टेकाडांवरची वाळू त्याच झुडपांनी धरून ठेवलेली असते.

आणि खरं सांगायचं तर सूर्योदयाची ती धावपळच नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, ऑटवेत बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, गाडीत तुम्ही एकटेच. त्यापेक्षा एक रात्र पोर्ट कॅम्पबेलला ठेवा. अपोस्टल्सचा सूर्यास्त निवांत बघा, जवळच्या मुक्कामावर सावकाश या आणि सकाळी तंबू सुकेपर्यंत चहा घ्या.

वाऱ्याबद्दल थोडं. उन्हाळ्यात कधी कधी दिवसभर उत्तरेकडून गरम वारा येतो आणि मग काही मिनिटांत नैऋत्येकडून थंड, जोराचा वारा सुटतो. हवा छान आहे म्हणून ताणाच्या दोऱ्या न बांधता फिरायला जाऊ नका. रेताड जमिनीत साध्या खुंट्या धरत नाहीत, लांब आणि रुंद खुंट्या मागून घ्या. त्यांचं वेगळं भाडं आम्ही घेत नाही.

राष्ट्रीय उद्यानातल्या मुक्कामाची जागा आधी आरक्षित करा. व्ह्यू पॉइंटच्या पार्किंगमध्ये रात्र काढायला परवानगी नाही. 'टोटल फायर बॅन', म्हणजे आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर झालेल्या दिवशी उद्यानात उघड्यावर गॅसची शेगडीसुद्धा पेटवायची नाही, त्या दिवसासाठी न शिजवता खाता येईल असं काहीतरी जवळ ठेवा.

तुमचा स्वतःचा तंबू कपाटात कुबट वास मारत पडला असेल तर तोही घेऊन या. धुवून, शिवणी पुन्हा सील करून आणि रनर बदलून देतो. आतला थर गेलेला असेल तर तसं आधीच सांगतो, उगाच खर्चात पाडत नाही.