हलणारी खूण आणि कोपऱ्यातला ठिपका: फोन ऐकतोय हे नक्की कोण सांगतं?

आयफोनच्या वरच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका दिसला की ‘सिरी ऐकतेय वाटतं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक वेळा सिरीचा त्यात काहीच संबंध नसतो. व्हॉट्सॲपवर कॉल चालू असतो, नाहीतर रेकॉर्डर बंद करायचा राहिलेला असतो. उलट बाजूने, ठिपका नाही म्हणजे फोनचे कान बंद, हाही समज चुकीचाच. फोनवर ‘ऐकण्या’च्या दोन खुणा असतात. त्या दाखवणारे वेगळे आणि दाखवण्याची कारणंही वेगळी.

पहिली खूण असिस्टंटची, म्हणजे सिरी किंवा गूगल असिस्टंटसारख्या बोलून काम सांगायच्या मदतनिसाची, स्वतःची. सिरीला हाक मारली की स्क्रीनच्या तळाशी रंगीत गोळा फिरायला लागतो. आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) १४ च्या आधी सिरी अख्खी स्क्रीन व्यापायची, १४ पासून तिचा हा आटोपशीर अवतार आला. ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सोयी) चालणाऱ्या फोनवर, म्हणजे आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या मॉडेलवर, आयओएस १८.१ पासून गोळ्याऐवजी स्क्रीनच्या चारही कडा उजळतात. गूगल असिस्टंटची ओळख म्हणजे निळा, लाल, पिवळा, हिरवा असे चार ठिपके. तुम्ही बोलायला लागलात की ते आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या दांड्या होतात. या सगळ्याचा अर्थ एकच: तुमची हाक पोचली, आता बोला.

दुसरी खूण असिस्टंटची नाहीच, ती ऑपरेटिंग सिस्टिमची. आयफोनवर ती २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आली, अँड्रॉइडवर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ बरोबर. कोणत्याही ॲपने माइक घेतला की सिस्टिम ठिपका लावते. ॲपला तो लपवता येत नाही, कारण तो रंगवण्याचं काम ॲपकडे दिलेलंच नाही. पहिली खूण म्हणजे दुकानदाराने ‘बोला साहेब’ म्हणणं. दुसरी म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वहीत केलेली नोंद.

रंगांचा घोळ इथूनच सुरू होतो, आणि घरात एक आयफोन नि एक अँड्रॉइड असेल तर तो दुप्पट होतो. आयफोनवर नारिंगी म्हणजे माइक आणि हिरवा म्हणजे कॅमेरा. कॅमेरा आणि माइक दोन्ही चालू असतील, जसं व्हिडिओ कॉलवर, तर फक्त हिरवा दिसतो. त्यामुळे ‘नारिंगी नाही, म्हणजे माइक बंद’ हा हिशोब चुकतो. अँड्रॉइडवर माइक आणि कॅमेरा दोन्हींसाठी हिरवाच रंग. फरक कळतो तो चित्रावरून: आधी उजव्या कोपऱ्यात माइकचं किंवा कॅमेऱ्याचं छोटं चित्र येतं आणि थोड्याच वेळात ते आक्रसून नुसता ठिपका उरतो. ती पहिली काही क्षणांची संधी चुकली की नुसत्या ठिपक्यावरून काय चालू आहे ते सांगता येत नाही, वरून खाली स्वाइप करून बघावं लागतं. रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांसाठी आयफोनमध्ये सोय आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, आणि त्यात ‘डिफरन्शिएट विदाउट कलर’ चालू केलं की नारिंगी ठिपक्याचा चौकोन होतो.

आता खरा गुंतागुंतीचा भाग. ‘हे सिरी’ किंवा ‘हे गूगल’ ऐकण्यासाठी फोन सतत कान देऊन असतोच, नाहीतर हाक कळणार कशी? पण त्या वेळी दोन्हींपैकी एकही खूण दिसत नाही. लोकांच्या मनातल्या संशयाचं मूळ हेच, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. म्हणून आत काय चालतं ते बघू.

ॲपलने २०१७ मध्ये या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली. माइकचा आवाज सेकंदाला १६,००० नमुन्यांनी घेतला जातो, त्याच्या ०.०१ सेकंदाच्या चौकटी पाडल्या जातात आणि अशा साधारण २० चौकटी, म्हणजे ०.२ सेकंदाचा तुकडा, एका वेळी तपासला जातो. ही तपासणी फोनच्या मुख्य प्रोसेसरवर होत नाही. कमी वीज खाणाऱ्या, कायम जागं राहणाऱ्या छोट्या प्रोसेसरवर एक लहान न्यूरल नेटवर्क, म्हणजे आवाज ओळखायला शिकवलेला प्रोग्राम, ते काम करतं. त्याला शंका आली की मुख्य प्रोसेसर उठतो आणि मोठं नेटवर्क तोच आवाज पुन्हा तपासतं. तिथे पास झालं तरच सिरी समोर येते. त्यावर तिसरी चाळणी ॲपलच्या सर्व्हरची: ‘हे सिरी’ऐवजी त्याच्याशी जुळणारा दुसराच शब्द होता असं तिथे ठरलं, तर फोनला परत झोपायचा निरोप येतो. टीव्हीवरच्या बातम्या चालू असताना सिरी क्षणभर उगवते आणि काही न बोलता गायब होते, त्यामागे बहुधा हेच असतं.

अँड्रॉइडवरही तत्त्व तेच. हाक ओळखणारी सेवा अँड्रॉइड १२ पासून बाकीच्या ॲपपासून तोडलेल्या बंदिस्त कप्प्यात चालवता येते, आणि माइक फक्त तीच सेवा वापरत असेल तर ठिपका दाखवायचा नाही, असं फोन बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. यामागचं कारण व्यवहाराचं आहे. ती सूट नसती तर हाकेची सोय चालू असलेल्या प्रत्येक फोनवर ठिपका दिवसभर पेटलेला राहिला असता, आणि कायम पेटलेल्या दिव्याकडे कोणी बघत नाही. हाक ओळखली गेली, आवाज असिस्टंटच्या ॲपकडे गेला, की मग बऱ्याच अँड्रॉइड फोनवर दोन्ही खुणा एकदम दिसतात: खाली असिस्टंटची, वर हिरवी.

चुकून जागं होण्याचा धोका मात्र खरा आहे. जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीने गूगल असिस्टंटची हजाराहून अधिक रेकॉर्डिंग तपासली. त्यातल्या १५३ मध्ये कोणी हाक मारलेलीच नव्हती. अशा वेळी असिस्टंटची खूण दिसलेली असते, पण फोन खिशात, स्क्रीनकडे लक्ष कोणाचं? आयफोन टेबलावर पालथा ठेवला तर तो सहसा ‘हे सिरी’ला उत्तर देत नाही. हा बिघाड नव्हे, तशी रचनाच आहे. ज्यांना पालथ्या फोनकडूनही उत्तर हवं, त्यांच्यासाठी ॲक्सेसिबिलिटीत सिरीच्या पानावर वेगळं बटण आहे. गरज नसेल तर ते बंदच ठेवा.

असिस्टंटची खूण हटता हटत नाही, ही आणखी एक तक्रार. बोलणं संपलं हे असिस्टंट शांततेवरून ठरवतो. लोकलचा डबा, मिक्सर, शेजारी मोठ्याने चाललेलं बोलणं, यात त्याला शांतता सापडतच नाही आणि तो वाट बघत राहतो. खुणेवर किंवा स्क्रीनच्या मोकळ्या जागी टॅप केलं की ऐकणं थांबतं. वरचा ठिपका मात्र असा टॅपने जात नाही. तो ज्या ॲपमुळे आला ते ॲपच बंद करावं लागतं.

ते ॲप शोधायचं असं. आयफोनवर वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओढून कंट्रोल सेंटर उघडा, सगळ्यात वर ॲपचं नाव येतं. माइक नुकताच सोडलेला असेल तरी थोडा वेळ नाव तिथे राहतं. अँड्रॉइडवर वरची नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढून हिरव्या चित्रावर टॅप करा. जुना हिशोब हवा असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे. कोणत्या ॲपने किती वाजता माइक घेतला ते तिथे दिसतं. आयफोनवर तेच काम ॲप प्रायव्हसी रिपोर्ट करतो, मात्र तो आधी चालू करून ठेवावा लागतो. मागचं काही त्यात सापडणार नाही.

मराठीत बोलून टाइप करणाऱ्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. जीबोर्डवरचं (गूगलच्या कीबोर्डवरचं) माइकचं बटण दाबलं की हिरवी खूण येते, पण असिस्टंट जागा झालेला नसतो. आवाज कीबोर्ड घेतोय. डॅशबोर्डवर नोंदही त्याप्रमाणेच होते, म्हणून ‘मी असिस्टंट बंद केलाय, तरी माइक चालूच’ या शंकेचं उत्तर तिथे मिळतं.

घरात स्मार्ट स्पीकर असेल तर फोनचे रंग तिथे लावू नका. गूगलच्या नेस्ट स्पीकरवर नारिंगी दिवे म्हणजे माइक बंद केलेला आहे, म्हणजे आयफोनच्या बरोबर उलट. ॲमेझॉन एकोवर ऐकतानाची कडी निळी असते, आणि लाल म्हणजे माइक बंद.

खुणा बघत बसण्यापेक्षा माइकच तोडायचा असेल तर अँड्रॉइडच्या क्विक सेटिंग्जमध्ये (वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या बटणांत) ‘माइक ॲक्सेस’ची टाइल, म्हणजे बटण, असते. ती बंद केली की ‘हे गूगल’ही थांबतं आणि माइक मागणाऱ्या ॲपना नुसती शांतता मिळते. टाइल दिसत नसेल तर पेन्सिलचं चित्र दाबून ती वर ओढून घ्या. परत चालू करायला विसरलात तर व्हॉट्सॲप कॉलवर समोरच्याला तुमचा आवाज जाणार नाही. आणीबाणीच्या नंबरवर केलेल्या कॉलमध्ये मात्र टाइल बंद असतानाही माइक वापरला जाऊ शकतो.