कांदा बाईच्या हातचा, पट्टी बुवाच्या नावाची

‘शेतमालाच्या मूल्यसाखळीत’, म्हणजे शेतापासून बाजारापर्यंतच्या टप्प्यांत, ‘महिलांचा सहभाग वाढवणे’ हे उद्दिष्ट आता शेतीच्या बहुतेक सरकारी आणि परदेशी मदतीच्या प्रकल्पांत असतंच. वाचणाऱ्याला वाटावं, बाया आजवर या साखळीच्या बाहेरच होत्या. नाशिक जिल्ह्यातला कांदा घ्या. रोपं उपटून वाफ्यात लावायची ती बायांच्या टोळ्यांनी, बहुतेकदा उक्त्यावर. खुरपणी त्यांची, काढणी त्यांची. कांदा शेतात वाळला की विळ्याने पात कापायची, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढायचा, पुढे साठवणुकीच्या चाळीत सडका माल निवडायचा, हेही त्यांच्याच हातचं. मग ट्रॅक्टर लासलगावच्या कांदा बाजारात जातो. तिथे बोली लावणारा, तोलणारा, हमाली करणारा जवळजवळ प्रत्येक जण पुरुष, आणि हिशोबपट्टी बनते ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने. ज्या टप्प्यावर पैसे मोजले जातात, नेमका तोच बाईच्या हातात नाही.

हे जगभर असंच चाललंय, हे अर्थशास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा ठळकपणे मांडलं डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी, 1970 साली. शेती आधुनिक करताना अवजारं, प्रशिक्षण, नगदी पिकं पुरुषांकडे गेली आणि बायांचं स्थान उलट खाली आलं, असा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडची हरितक्रांती आणि तिच्या मागोमाग आलेली कृषी विस्तार सेवा काही वेगळी नव्हती. बियाणं कोणतं आणि फवारणी कधी हे सांगायला आलेला माणूस ओट्यावर बसलेल्या पुरुषाशी बोलून निघून जाई. पुढे 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने हिशोब मांडला: विकसनशील देशांतल्या शेतीत सरासरी 43 टक्के श्रमशक्ती बायांची आहे, आणि पुरुषांइतकी साधनं मिळाली तर त्यांच्या शेताचं उत्पादन 20 ते 30 टक्क्यांनी वाढू शकतं. तेव्हापासून प्रकल्पवाल्यांच्या तोंडी हाच आकडा. बाईला हक्क का द्यायचा, तर उत्पादन वाढतं म्हणून! असो.

महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न प्रकल्पांच्या कितीतरी आधी आणि वेगळ्या वाटेने आला. 1972 च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या कामांवर बाईला पुरुषाइतकाच दर मिळाला आणि बाया मोठ्या संख्येने खडी फोडायला आल्या. पण ती मजुरी झाली. जमिनीचं काय, हा प्रश्न सभेत उघडपणे विचारला गेला तो नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला.

नोव्हेंबर 1986. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला महिला अधिवेशन भरवलं, आणि खेड्यापाड्यांतून लाखाच्या घरात बाया आल्या. सहा वर्षांपूर्वी याच नाशिक पट्ट्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते अडवले गेले होते. घामाचं दाम मागणाऱ्या त्या चळवळीत आता घरातल्या घामाचा हिशोब निघाला. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा, आणि गावात शंभर कुटुंबांनी तसं केलं की ते लक्ष्मीमुक्त गाव. जोशी सभांमध्ये सीतेचा दाखला द्यायचे. राजाची राणी असून घराबाहेर काढल्यावर तिच्या नावावर काहीच नव्हतं, मग तुमच्या लेकीबाळींचं काय? घरच्या लक्ष्मीला बांधून ठेवलंत तर बाहेरची लक्ष्मी घरात येणार नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कोणत्याही कायद्याचा बडगा नसताना हे आवाहन थेट जमीनमालक पुरुषांना केलेलं होतं, आणि अनेकांनी ते मानलं.

सरकारनेही दखल घेतली. 1992 च्या परिपत्रकाने नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय झाली. अर्ज मात्र नवऱ्याचाच हवा. 1994 मध्ये राज्याचं महिला धोरण आलं आणि त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती होऊन अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटा मिळाला. केंद्राने हीच गोष्ट 2005 मध्ये सगळ्या मुलींसाठी केली. 2005 च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. कागदावर प्रश्न मिटला म्हणायचा. प्रत्यक्षात वडील गेले की भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात, बहीण सही करते आणि साडीचोळी घेऊन सासरी परतते. सही केली नाही तर माहेर तुटतं, आणि वेळप्रसंगी जायला दुसरं दार नसतं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायांची भरली, यात नवल नाही.

विकासाचे प्रकल्प या प्रश्नाला वळसा घालून गेले. 1975 ला स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने, बचत गटांचा मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने 2007 पासून चाललेला तेजस्विनी कार्यक्रम गट, बँक कर्ज आणि लोकसंचालित साधन केंद्रं (बचत गटांचे संघ) यांवर उभा होता. त्याचं काम खोटं नव्हे. सावकाराऐवजी बँकेच्या दारात जाणं ही लहान गोष्ट नाही. पण गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, पापडाला पुरतं. पीककर्जाला सातबारा लागतो. नंतरच्या नवतेजस्विनीत आणि जागतिक बँकेच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात मूल्यसाखळी आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या केंद्रस्थानी आल्या. इथेही कंपनीचा सभासद व्हायचं तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा मागतात.

या पुराव्याची सगळ्यात कडू चव विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त घरांनी घेतली. 2006 पासून मदत ठरली 1 लाख रुपये, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पण जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज कुणाचं, हे आधी तपासायचं. सासऱ्याच्या नावावरची शेती कसणाऱ्या विधवेला पुढे पीककर्ज कुणी द्यायचं, हा प्रश्न तसाच. कृषिशास्त्रज्ञ आणि तेव्हाचे खासदार डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेत मांडलं होतं. जमीन नावावर नसली तरी शेती करणाऱ्या बाईला ग्रामपातळीवर शेतकरी म्हणून प्रमाणपत्र मिळावं, असं त्यात होतं. त्यांची खासदारकीची मुदत 2013 मध्ये संपली आणि विधेयकही बारगळलं.

आता संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलंय. इकडे राज्यात 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो देताना आधाराशी जोडला जातो तो पुन्हा सातबाऱ्यावरचा खातेदार.